लादी

शेगडी श्रीरंगची, सिलिंडर माझा,
गच्ची दोघांची. कागदावर तरी.

पहिल्या रविवारी गराडूच्या फोडी
सळयांमधून एकेक करून जाळात गेल्या.
कुमुद म्हणाली, यापेक्षा कढई बरी.
मग सियागंजातून बिडाची लादी आली,
सळयांवर बसेल अशी, मागे बोटभर फट सोडून.
नवी होती तेव्हा करडी, गंजाच्या वासाची.
तीनदा तेल पाजलं, तीनदा जाळलं,
तेव्हा कुठे काळी झाली.

डाव्या कोपऱ्यात आच जास्त.
उजवीकडे धिरडं पांढरंच राहतं.
मला कळलं. त्यालाही कळलंच असणार.
पण दोन वर्षं आमचं बोलणं
कुमुदमार्फत चालतं.

काल जिरावण संपलं, पोरं खाऊन खाली पळाली,
कुमुद भांडी घेऊन जिन्यात.
लादी उचलायला दोन माणसं लागतात:
अकरा किलो, दोन टोकांना दोन कड्या,
मधे अजून चुरचुरणारं तेल.

मी एक कडी ओल्या फडक्यानं धरली
आणि तसाच वाकून राहिलो.
बराच वेळ. कंबर बोलायला लागली.

मग समोरची कडी हलली.
"तुझी बाजू खाली घे. माझ्या पायावर येतंय तेल."
दोन वर्षांनी, आणि तीही तक्रारच.

घेतली खाली.
तेल वाडग्यात उतरलं सावकाश,
शेवटी जिरावणाचा तांबडा गाळ.

"डावीकडे आच जास्त आहे," मी म्हणालो.
"माहितीये," म्हणाला,
आणि कुठे ठेवायची ते
दोघांनाही सुचेना.