अकरा-अ

फेब्रुवारीत, एमायोगी नदीवरून लोक चालत जात होते तेव्हा,
एंडेल पिहलाक आमच्या दुकानात आला
आणि हातमोजे न काढताच म्हणाला, दाखवा.

मी दाखवले. काचेवर पांढरं फडकं पसरून
एकेक मांडत गेले, चष्म्याच्या दुकानात मांडतात तसे.
ह्यात दहा हजार गाणी मावतात.
"माझ्याकडे सत्तावीस आहेत."

हा बघा, ह्याला बटण नाही, नुसतं बोट फिरवायचं.
त्याने फिरवलं. जाड लोकरीआडून
यंत्राला त्याचं बोट कळलंच नाही.
"मी मांजर कुरवाळायला आलेलो नाही.
दाबलं की दाबलं, असं कळणारं बटण हवं."
शाळेचा बॉयलर सांभाळायचा तो.
एक हात फावड्यावर, एक खिशात,
डोळे आगीवर.

मग जुना प्लेअर काउंटरवर ठेवला.
पाठीचं झाकण गेलेलं, बॅटरी रबरबँडने आवळलेली.
"हा अकरानंतर थांबतो. अर्धा सेकंद. मग बारा."
सगळेच थांबतात, मी म्हणाले.
"गाणं थांबत नाही ना पण."

चर्चमधलं ध्वनिमुद्रण. लेइडाचं गायकवृंद.
ती दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी.
कुणा घाईच्या माणसाने संध्याकाळ ती अख्खी
हाताला येईल तिथे तोडलेली, पाव तोडावा तशी.
अकरा आणि बाराच्या मधे त्या श्वास घेतात
आणि सुरी नेमकी तिथेच पडलेली.
"नऊ वर्षं तिचा श्वास कापला जातोय," तो म्हणाला,
गळक्या नळाची तक्रार करावी अशा आवाजात.

लेइडा कुठे असते ते मी विचारलं नाही.
आम्हाला शिकवलंय ते एवढंच:
क्षमता विचारा, बजेट विचारा.

न थांबणारा प्लेअर मागवला. तीन आठवडे लागले.
तो स्टुलावर बसला, पहिल्यापासून ऐकायला लागला.
मी तेवढ्यात दोन चार्जर विकले,
एका मुलाला इअरफोन परत घ्यायला नकार दिला.
पडदा माझ्याकडे होता म्हणून दिसलं:
अकरा.
बारा.
मधे केसाएवढीही फट नाही.

मला वाटलं होतं तसं त्याच्या चेहऱ्याचं काही झालं नाही.
मागे नेलं. परत. चार वेळा.
"हा तिचा नाहीये," तो म्हणाला. "सगळ्यांचा आहे."
मी एक कान मागून घेतला, ऐकलं:
बावीस बायका एकदम श्वास घेतात,
दोरीवरची ओली चादर झटकावी तसा आवाज.
"आणि मी कुठे घेऊ आता?"

मला कळेना. मग त्याने करून दाखवलं,
दुकानाच्या मधोमध, रिकाम्या हातांनी:
अकरा संपतं, फावडं वर, छाती भरून,
थांबायचं
आणि बाराच्या पहिल्या सुराला पीटच्या विटा आत.
नऊ हिवाळे. शाळेतली पोरं उबेत.

सेटिंगमध्ये सोय होती: दोन गाण्यांत अंतर, शून्य, अर्धा, एक.
पण ठेवाल तर सगळीकडे.
"सगळीकडे नको. तिथेच."

शटर ओढल्यावर मी अर्धा सेकंद काही-नाही तयार केलं.
सोपं नव्हतं. पहिल्यांदा त्यात दुकानातला फ्रिज आला.
दुसऱ्यांदा मीच.
शेवटी जमलं, नाव दिलं अकरा-अ,
आणि दोघांच्या मधे सरकवलं.

म्हणजे तीन आठवडे थांबून, एवढे क्रोन मोजून,
त्याने जुनी खोट नव्यात बसवून घेतली.
मी हे बोलले नाही. पावती फाडली.
दोन वर्षांची वॉरंटी, बॅटरी सोडून.

त्याने हातमोज्यातूनच बटण दाबत यादी खाली नेली,
ओठ हलवत मोजली.
"अठ्ठावीस," म्हणाला.

पडद्यावर अकरा-अ पुढे लिहिलेलं:
लांबी ००:००.