वजाबाकी

दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी,
भडंगला कडेवर घेऊन मी वजनकाट्यावर उभी राहते.
मग तिला सोडते, एकटी उभी राहते.
पहिल्यातून दुसरं वजा.
उरतं ते मांजर.

कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लिहिते:
तीन नऊशे. तीन आठशे. तीन आठशे. तीन सातशे.

नाव भडंग, कारण पिवळ्या अंगावर
करपलेल्या लसणासारखे काळे ठिपके,
आणि विश्रामबागेतल्या गॅरेजवाल्यानं
बोनेटमधून काढून दिली तेव्हा
कागदाच्या पुडीत मावत होती.
त्याला चौदा वर्षं झाली.
तिसऱ्या मजल्याखालची जमीन तिनं पाहिली नाही.
महापुरात पिशवीत बसून बोटीतून गेली,
तेव्हाही जमीन नव्हतीच.

मी मिरजेत एकतीस वर्षं लॅबमध्ये.
लोकांचं रक्त फिरवलं, आकडे लिहिले, खाली सही.
क्रिएटिनिन चारच्या वर गेलेला माणूस
काउंटरवर कागद उलटा धरून विचारायचा,
"ताई, नॉर्मल हाय न्हवं?"
मी म्हणायची, डॉक्टरांना दाखवा.
यंदा चौगुले डॉक्टरांनी भडंगचा कागद माझ्याकडे सरकवला
आणि बराच वेळ मी तो उलटाच धरला होता.

आता पाण्याची वाटी जेवणापासून लांब,
दुसरी बाल्कनीच्या दाराशी, तिसरी देवघराखाली.
ती पिते मात्र न्हाणीतल्या बादलीतलं.
ट्रेमधल्या मातीचे गोळे मी चाळून मोजते.
काल पाच. आज सहा, आणि मोठे.
जास्त शू होणं ही चांगली बातमी नव्हे,
हे शेजारच्या श्रेणिकला सांगताना
त्याचा घास हातातच राहिला.

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नाही.
मूत्रपिंडाचं महागडं खाणं ती हुंगते
आणि पुरून टाकावं तशी भोवतीची फरशी खरवडते.
"उपाशी राहण्यापेक्षा खाईल ते द्या," डॉक्टर म्हणाले.
तेव्हापासून तळमजल्यावरच्या मुलाणी भाभी
बिनमिठाचं उकडून लहान डबा वर पाठवतात.
तो डबा, तो चमचा, वेगळ्या फडताळात.
सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून मी घास कुस्करते.
पर्युषणात एकदा वळून पाहिलं.
फोटो काही बोलला नाही.

एक दिवसाआड सलाईन.
बाटली आधी कोमट पाण्यात, थेंब मनगटावर टाकून बघायचा.
श्रेणिक ती खिडकीच्या गजाला अडकवतो,
मी मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलते,
छोटा तंबू होतो, त्यात सुई.
सगळी नोकरी शिरा शोधण्यात गेली;
इथं शीर नकोच,
कातडीखालची रिकामी जागा पुरते.
शंभर मिली. खांद्याशी उंटासारखं वशिंड येतं,
रात्रीपर्यंत पुढच्या पायात उतरतं, जिरतं.
ती ओरडत नाही. कपाटावर चढून पाठ करून बसते
आणि अकराच्या सुमारास माझ्या पोटावर येते,
काही झालंच नाही अशी.

आज रविवार.
दोघी मिळून सत्तावन्न दोनशे, मी त्रेपन्न पाचशे.
तीन सातशे! मागच्या रविवारइतकंच.
आनंदानं मागची पानं उलटली.
प्रत्येक वजाबाकीचे वरचे दोन आकडे
कोपऱ्यात, खोडलेले.
दिवाळीत मी एकोणसाठ होते.
माझ्याच अक्षरात, दर आठवड्याला, मी लिहिलं होतं ते,
फक्त वजा करायला.

न्हाणीत लपलप आवाज.
हल्ली रात्री चारदा मीही पाण्याला उठते.
वाटायचं, तिच्यामुळं.

जिन्यात श्रेणिकला म्हटलं, उद्या सकाळी
मिरजेला लॅबपर्यंत सोडशील का गाडीवर,
उपाशीपोटी जायचंय.
"मग आज रात्री तिचा डबा नको सांगू भाभींना?"
सांग की. नेहमीसारखा पाठवायला सांग.
"आणि पिंजरा?"
पिंजरा नको, म्हटलं.