चाळीस पिनांची तार

आधी थांब, म्हटलं, लगेच उघडू नकोस.
बाहेर उणे एकतीस. खोकं कोटाखाली धरून आणलंस,
तरी काच अजून रस्त्यावरच आहे.
तिला आत येऊ दे.

मुन्खजिनने खोकं हीटरपासून हातभर लांब ठेवलं
आणि व्यायला आलेल्या मेंढीकडे बघावं
तसा बघत बसला.

दोन वाट्या खारा चहा झाला.
तेवढ्यात त्याने सगळं सांगितलं, मी न विचारता:
जुना पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो,
नवा एकशे चव्वेचाळीस.
जुन्यात पळणारा माणूस मागे शेपूट सोडून जातो,
गोळी आधी लागते, बंदूक नंतर दिसते.
तीन वर्षं हरतोय, ओत्गोन एग्च,
ते या चौऱ्याऐंशी चित्रांमुळे.
चौऱ्याऐंशी असं म्हणाला
जसं कुणी बुडालेली उधारी सांगतं.

पैसे उन्हाळ्यातले, मामाच्या टायरच्या दुकानातले.
नखांच्या कडा अजून काळ्या.
पडदा सीमेपलीकडून आलेला, रात्रीच्या गाडीने,
ओळखीच्या एका बाईच्या ब्लँकेटात गुंडाळून,
खालच्या बर्थवर, बाई वरच्या.

मी या गाळ्यात सव्वीस वर्षं.
त्याआधी सरकारी कारखान्यात घड्याळं.
पडदा बदलणं हे काही मोठं काम नाही.
बॅटरी आधी सोडवायची, हे विसरणारे मी पाहिलेत.
मग चौकट, नखाने, कडेकडेने, कट्, कट्,
मग खालची चिकट पट्टी
ओढायची, हळू, एका दमात, तुटू न देता.
तुटली की दोरा घेऊन बसा संध्याकाळपर्यंत.

तुटली नाही.
पण मी तार पाहिली, आणि पुन्हा मोजली.
तीस पिना.
नवा पडदा चाळीस मागतो.

मुन्खजिनच्या चेहऱ्यावर तेव्हा
सेकंदाला एकच चित्र होतं
आणि तेही थिजलेलं.

शेवटच्या खणात एक मेलेलं यंत्र होतं,
याच कंपनीचं, थोरल्या भावासारखं.
कुणीतरी त्याच्यावर सूप सांडून
दुरुस्तीला दिलं आणि न्यायला आलंच नाही.
त्याची तार काढली. चाळीस.
बोर्डाने ऐकलं तर, म्हटलं. नाही ऐकलं तर मला बोलायचं नाही.

बटण दाबलं.
पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा.
त्याने आत घेतलेला श्वास बाहेर सोडला नाही.
मी तार उपटली. फुंकर मारली नाही
(फुंकरीत थुंकी असते, हे कुणालाच पटत नाही),
पुन्हा बसवली, तर्जनीने, आवाज येईपर्यंत.

आणि उजेड.
खाली उजव्या कोपऱ्यात एक ठिपका, कायमचा हिरवा.
मी दाखवला. लपवून पैसे घेत नाही मी.
असू दे, म्हणाला. त्याला तो दिसतही नव्हता.

झाकणाचे स्क्रू माझ्या तळहातावर होते,
तोवर हा खेळायला लागला.
दीड मिनिटात मेला.
परत. परत मेला.
आणि या वेळी सगळं दिसलं होतं:
दाराआडून येणारा माणूस, त्याच्या बाहीची घडी,
चापावर बोट वाकतानाचं बोट.
सगळं स्वच्छ दिसलं
आणि तरी मेला.

पडद्याकडे बघितलं त्याने. मग माझ्याकडे.
मी म्हटलं, अंगण वाकडं होतं, ते सरळ करून दिलं.
नाच शिकवणं माझ्या दरपत्रकात नाही.

हसला, पण थोडा उशिराने.

पैसे मोजून दिले, सुट्टे तुगरिक, टायरचा वास असलेले.
कोटाची बटणं लावली, यंत्र पोटाशी धरलं,
दारापर्यंत गेला आणि परत आला.

जुना पडदा नेऊ का?
कशाला रे?
असू दे, म्हणाला, माझ्याकडे न बघता,
कधी लागला तर.

मी तो नव्याच्याच खोक्यात घालून दिला.
बाहेर कोळशाचा धूर खाली उतरला होता.
चार पावलांत दिसेनासा झाला मुलगा.