बारा पिक्सेलचा उंबरा

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
मी खिडक्या बनवते.
खऱ्या खिडक्या इथे आधीच पुष्कळ आहेत,
उंच, उत्तरेकडे तोंड केलेल्या;
त्यांतून टे नदीवरचं धुकं
दुपारी तीनलाच कीबोर्डवर येऊन बसतं.
माझ्या खिडक्या खेळातल्या.
होडीवाल्यावर टिचकी मारली की उगवते एक चौकट:
पलीकडे जायचंय?
हो. नाही. नंतर सांगते.

इंजिन दुसऱ्यांचं, पायथन माझं.
त्याला कंसांची हौस नाही, तो समास बघतो.
चौथीत टिकेकरबाई पट्टी लावून माझा समास मोजायच्या
तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं.
आता चार मोकळ्या जागांतली एक जरी हुकली
तर अख्खा खेळ उघडायला नकार देतो,
आणि रडायची सोय नाही, बैठक साडेदहाला असते.
प्रत्येक फंक्शनच्या दारात पहिलं नाव self.
स्वतःला आधी आत घेतल्याखेरीज
इथे पान हलत नाही.

सेकंदाला साठ वेळा मी ती चौकट पुसते
आणि साठ वेळा तिथेच काढते.
बघणाऱ्याला वाटतं, उभी आहे.

चौकटीवर चौकट येते. "नक्की?" वर "अगदी नक्की?"
मिटताना ताटांच्या चवडीचा नियम,
वरचं आधी.
एकदा एका पॅनेलला पालक द्यायचा राहिला,
तर ते शून्य, शून्यवर जाऊन उभं,
डाव्या कोपऱ्यात, पडद्याला चिकटून,
उलट्या दिशेच्या बसथांब्यावर थांबलेल्या माणसासारखं.
मी हसले. मग जरा वेळ हसले नाही.

आणि बाहेर क्लिक केलं की चौकट मिटते,
या चार ओळींचा मला फार गर्व होता.

गुरुवारी खेळ तपासायला बाहेरची माणसं येतात.
इझोबेल गौर्ले, वय शहात्तर,
बिस्किटांसाठी येते असं स्वतःच सांगते.
याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, तिचे दोन माग होते.
तिने माऊस धरला. होडीवाल्यावर टिचकी मारली.
चौकट आली, गेली.
आली, गेली.
"उद्धट आहे गं तुझा माणूस," ती म्हणाली,
"मी हो म्हणायच्या आत पाठ फिरवतो."

रात्री नोंदी उघडल्या.
दाबलं आत, सोडलं बाहेर.
तीन पिक्सेल बाहेर, सात, पाच, पुन्हा सात.
अकरा वेळा तिने हो म्हटलं होतं
आणि अकरा वेळा माझ्या चार ओळींनी
तिचा थरथरता हात
निघून जाणं म्हणून वाचला होता.

चहाच्या वेळी ती सांगत होती,
मागांच्या गोंगाटात तोंडचं ऐकू यायचं नाही,
आम्ही ओठांवर आणि बोटांवर बोलायचो.
ओळीच्या त्या टोकाची बाईसुद्धा
नुसतं बोट हललं की समजायची.

मी चौकटीला बारा पिक्सेलचा उंबरा घातला, न दिसणारा.
उंबऱ्यावर पाऊल म्हणजे घरातच.
जायचं असेल तर दाबणं बाहेर हवं,
सोडणंही बाहेर.
कॅलमने कोड तपासताना विचारलं, बारा कशाला, आठ पुरतील ना?
मी लिहिलं: मोजलेत.

पुढच्या गुरुवारी होडी निघाली.
इझोबेलच्या काही लक्षात आलं नाही.
दुसरं बिस्कीट उचलत, डोळे बारीक करून
ती पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,
"पण नदी इतकी निळी कुठे असते?"

ते खातं माझ्याकडे नाही.
तरी मी लिहून घेतलं.