शेरा

फाइल क्रमांक चारशे बारा. नाव: त्सिगेरेदा हाइलू.
पदवी: स्थापत्य अभियांत्रिकी, मेकेल्ले.
गुणपत्रक विद्यापीठाकडून, लाखबंद पाकिटात, थेट यायला हवे.
आले नाही.
तिथले टपाल दोन वर्षे बंद होते, असे तिने कळवले आहे,
तक्रारीचा सूर न लावता,
जसे आपण लिहितो: जमीन खडकाळ, पाणी आठ फुटांवर.

मी ओरेस्ट ह्रिन्किव. निवृत्त. मंगळवारी मंडळाकडे येतो,
परक्या देशांतले तास आमच्या तासांशी जुळवतो.
द्रवगतिकी: अठ्ठेचाळीस. बरोबर.
मृदा: साठ. बरोबर.
गोठलेली जमीन: शून्य.
तिच्याकडे जमीन गोठतच नाही, हा तिचा दोष नव्हे.
आमच्याकडे दोन मीटर खोल गोठते, हा माझा गुण नव्हे.
तरी रिकामा रकाना तो रिकामाच दिसतो.

मुलाखतीला आली तेव्हा सास्काटूनला वजा एकतीस.
चष्म्यावर वाफ. नखांत सिमेंट.
प्रयोगशाळेत ती दिवसभर काँक्रीटचे ठोकळे फोडते
आणि आकडा लिहिते. सही दुसरा करतो.

ठरलेला प्रश्न विचारला: तुमची एखादी चूक सांगा.
लोक इथे अशी चूक काढतात
की शेवटी कौतुकच व्हावे.
ती म्हणाली, एक मोरी.
पावसाचा जुना तक्ता वापरला, नवा यायला आठवडा लागला असता.
ऑगस्टात एका रात्री रस्ता वाहून गेला,
त्याबरोबर एक खेचर.
गेब्रू नावाच्या माणसाचे. मीठ वाहायचे.
"तेव्हापासून तक्त्यात आधी साल बघते."
मग थांबून: "त्याचे अजून दोन हप्ते द्यायचे आहेत."

टेबलाशी आम्ही तिघे. पेने थांबली.
सत्याऐंशी साली माझ्या गणिताचे एक गोदाम
बर्फाच्या भाराने बसले.
आत गहू होता, माणूस नव्हता. विम्याने भरपाई दिली.
मालकाचे नाव आठवत नाही,
खरे तर विचारलेच नव्हते.

शेऱ्याला चार ओळींची जागा.
लिहिताना करंगळीतली लोखंडी अंगठी कागदावर घासते,
घासावी म्हणूनच ती त्या बोटात.
लिहिले: गुणपत्रक अप्राप्त.
गोठलेल्या जमिनीचा एक पेपर द्यावा.
जबाबदारीची जाण:
इथे बराच वेळ गेला.
आमच्या मोजपट्टीपेक्षा लांब.

सचिवबाई म्हणाल्या, असे चालत नाही, अंक द्या.
दिला.

बाहेर तिची गाडी सुरू होत नव्हती.
बॅटरी जोडायच्या तारा माझ्या डिकीत होत्या.
लाल कुठे, काळी कुठे,
तिने मला विचारले नाही.