तोइवो फाटकाबाहेर

सप्टेंबरअखेर, सुपीरियर सरोवराच्या वाऱ्यात,
सात नंबरच्या खाणीच्या तोंडाशी
आम्ही तारांचा सापळा उभा करतो.
दिसतो वीणेसारखा, वाजत नाही.
लोखंड संपून साठ वर्षं झाली,
अंधार अजून शिल्लक आहे,
आणि त्याचे भाडेकरू
मेपलची पानं पिकली की परततात.

दोन मास्क, दोन हातमोजे, वर कागदी झगा.
पूर्वी हे सगळं आमच्यासाठी असायचं,
आता त्यांच्यासाठी.
एवढाच बदल नियमावलीत,
तो नीट उच्चारायला मला तीन हंगाम लागले.

एक हातात येतं. आठ ग्रॅम,
तिकीट लावलेल्या पाकिटाएवढं.
कापसाची काडी घशात, मग शेपटीखाली;
पंखाच्या पडद्यातून मोहरीएवढा तुकडा.
ते मला शिव्या घालतं
माझ्या कानांना न लागणाऱ्या पट्टीत.

तुकडा बर्फात गुंडाळून दक्षिणेला जाईल.
तिथे रोसाल्बा त्याच्या पेशी बशीत वाढवेल
आणि त्यांच्या दाराशी विषाणू सोडेल:
किल्ली बसते का कुलपाला?
मागच्या खेपेला मोठ्या तपकिरींचं कुलूप हललं नाही.
या लहानांबद्दल तिनं लिहिलं, "अर्धवट फिरते."
अर्धवट म्हणजे काय, मी विचारलं.
"अर्धवट म्हणजे अर्धवट. आणखी पंख पाठव."

तोइवो कांगास यंदा आत आला नाही.
एकवीस वर्षं या फाटकाची किल्ली त्याच्याकडे.
बाप त्याचा इथेच खाली राबला
आणि इथलीच धूळ खोकत
सौनाच्या बाकावर बसल्या बसल्या गेला.
पांढऱ्या नाकाची बुरशी आली त्या हिवाळ्यात
मेलेली वाघळं तोइवोनंच फावड्यानं उचलली,
मोजली फिनिश भाषेत,
इंग्रजीत मोजवेनात म्हणून.
बुरशी कुणाच्यातरी बुटाला लागून आली, म्हणतात.
"कुणाच्यातरी" म्हणताना तो स्वतःचे बूट बघायचा.

आज पहाटेपासून त्याला शिंका.
पट्टीवर एकच रेघ, म्हणजे काही नाही;
तरी म्हणाला, रेघसुद्धा खोटं बोलते, आउने.
किल्ली दगडावर ठेवली,
वीस पावलं मागे गेला
आणि पिकअपच्या फळीवर बसला,
बटाट्याची पेस्टी हातात तशीच गार होत.

वाघळाच्या घरी पाहुण्यानंही लटकावं, हा रिवाज.
हा पाहुणा उंबऱ्याबाहेर लटकलाय.

मी आकडा ओरडून सांगते: चाळीस.
तो वहीत लिहितो.
एकेचाळिसावं मी न तपासताच सोडते.
काड्या संपल्या, असं अहवालात लिहीन.
ते वळसा घेतं, त्याच्या टोपीवरून जातं,
आणि मला लांबून दिसतं,
दोन मास्कच्या आड तोइवोनं
श्वास धरून ठेवलाय,
ते आत शिरेपर्यंत,
आणि नंतरही थोडा वेळ.