दार कोणी उघडलं

मंगळवारी संध्याकाळी, ग्रिम्सबीच्या लायब्ररीत,
हीटरजवळची खुर्ची मिळाली तर मिळाली,
आम्ही सातजण गोष्ट लिहायला शिकतो.
मॉरीन म्हणाली, लांबून बघू नकोस,
बाईच्या कानामागे जाऊन उभी राहा.
तिला दिसेल तेवढंच लिही,
आणि नाव तेच दे
ज्या नावाने ती मनातल्या मनात स्वतःला ओळखते.

मी लिहिते मराठीत. मॉरीनला तोंडी सांगते.

माझ्या बाईचं फार काही नाही.
पाळी संपवून येते, हाताला हॅडॉकचा वास,
कुलपात किल्ली फिरवते, आत जाते.
हे पहिलं वाक्य.
तीन आठवडे झाले, बाई अजून दाराबाहेर आहे,
आणि समुद्रावरून वारा सुटलाय.

'सुनेत्राने दार उघडलं.'
लिहिलं, आणि वाटलं, दार सासूबाईंनी उघडलं.
ताटातल्या तांदळात अंगठीने कोरलेलं नाव,
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.
पासपोर्टवर आहे, गॅसच्या बिलावर आहे,
पण या नावाच्या अंगठ्याला
कधी ठेच लागलेली मला आठवत नाही.

मग द्वारका. जन्माचं नाव, म्हटलं हेच खरं.
तर ती नऊ वर्षांची निघाली,
शिरोड्याच्या खाडीत परकर खोचून तिसऱ्या वेचतेय.
हाक मारली तर वर बघते, ओळखत नाही.
तिचा हात कुलपापर्यंत पोचेना.

कारखान्यात मी डोरा.
पहिल्या दिवशी कीथने बॅजवर मावेल तेवढंच छापलं.
डोरा दार उघडेल, धक्का मारून उघडेल,
पण केसांवरची जाळी काढली की ती संपते.
देवाजवळची काडेपेटी कुठे असते
हे डोराला कोणी सांगितलेलं नाही.

एकदा आदराने लिहून पाहिलं, वयही झालंय,
'त्यांनी दार उघडलं.'
बाई एकदम खांद्यावर शाल, हातात नारळ,
आता चार शब्द बोलणार असं वाटायला लागलं.
स्वतःला कोण अहोजाहो करतं?

नुसती 'ती' ठेव, मॉरीन म्हणाली.
ठेवली. पुढच्याच पानावर सून आली,
शेजारची पॅट आली केक घेऊन,
एका स्वयंपाकघरात तीन तीन 'ती',
चहा कोणी ओतला आणि डोळे कोणी पुसले
माझं मलाच कळेना.

शेवटी नाव खोडूनच टाकलं.
'दार उघडलं.'
आपल्या भाषेत एवढ्यावर भागतं.
पण रात्री मोठ्याने वाचलं आणि चरकले:
दार आपलं आपणच उघडलंय,
आणि बाहेर कोणी नाही.

गुरुवारी पट्ट्यावर सुरी घसरली.
हातमोज्याच्या आत गरम गरम झालं,
आणि कोणीतरी कानाशी म्हणालं,
अगं, लक्ष कुठाय तुझं?
कीथला मराठी येत नाही.
माझ्या दोन्ही बाजूंना पोलिश पोरी, त्या गात होत्या.

अगं.
दूध उतू गेलं की अगं, बस चुकली की अगं,
आरशात पांढरा केस दिसला की, अगं बघ.
हेही हाक मारायचे तेव्हा हेच म्हणायचे,
मग हे नाव माझं, की ह्यांनी मागे ठेवलेलं?
ते विचारायला आता घरात कोणी नाही.

पट्टी बांधलेल्या बोटाने लिहिलं,
'अगंने दार उघडलं.'
शाळेत असते तर मास्तरांनी छडी दिली असती.

मिळालं का नाव? मॉरीनने विचारलं.
सांगितलं. तिने म्हणून पाहिलं, अग्गा? आगा?
सगळे हसले, मीही हसले,
आणि तिने फळ्यावर तिच्या लिपीत काहीतरी लिहिलं
जे ते नव्हतं.

पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही.
बाई आत आलीय, बूट काढलेत,
भिंतीवर हात फिरवत
दिव्याचं बटण शोधतेय.